उसनं वळण

केतकी आवटीने तांबूचा डावा डोळा पुन्हा एकदा खोडला. खोडरबराने कागदाचा पापुद्रा निघाला तरी ती खोडतच राहिली. उजवा डोळा तेवढा बरा जमला होता, पण आता तोही नजरेला खुपायला लागला.

"आत्या, चहा गार झाला," रेवा दारातून म्हणाली.

"होऊ दे."

"गोळी घेतलीस का?"

"घेतली. गोळीला वेळ लागतो, आणि मला वेळ नाही."

रेवाने पुढे होऊन कागद उचलला, उजेडाकडे धरला आणि परत ठेवला.

केतकीची चित्रकथा 'बुडीतगाव' सुरू होऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली होती. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाच्या काठावर राहणारी, उन्हाने तांबूस झालेल्या केसांची तांबू नावाची एक पोर रोज पाण्यात बुडी मारते आणि खाली अजून नांदत असलेल्या गावात आपल्या हरवलेल्या भावाला शोधते, एवढीच मूळ गोष्ट. कॉलेजात असताना जपानी चित्रकथा वाचून वाचून केतकीने ती शैली उचलली होती. अर्धा चेहरा व्यापणारे डोळे, वारा नसताना उडणारे केस, चौकट फाडून बाहेर पळणाऱ्या रेघा. पहिला अंक आला तेव्हा मिरजेतल्या एका बुजुर्ग चित्रकाराने विचारलं होतं, "एवढाले डोळे कुठल्या मराठी मुलीला असतात?" पुढे ज्या मुलांनी तो अंक दप्तरात लपवून वाचला त्यांची मुलं आता तांबू वाचत होती.

आणि आता शेवट आला होता. शेवटच्या भागात मोठी झालेली तांबू पाण्याखालून वर येते ती थेट पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर. तिथे लहानगी तांबू बुडत्या देवळाच्या कळसावर उभी आहे. तेच पान, पण आता पाण्याच्या बाजूने बघितलेलं. प्रकाशक विनय कोरगावकरांनी तशी जाहिरातही करून टाकली होती. नेमका त्याच वर्षी केतकीच्या उजव्या हातात कंपवात शिरला. कित्येक वर्षं ती काचेच्या पाटीवर काढत होती, पण पाटीतला संगणक थरथर पुसता पुसता रेघेतला जीवही पुसून टाकी. म्हणून ती पुन्हा कागदाकडे वळली होती, आणि कागद तर काहीच झाकत नव्हता.

डॉ. निलोफर मुजावर यांच्याकडे जायचं रेवानेच सुचवलं.

निलोफरचे वडील सतारी घडवायचे. घोडीला कानस लावून सूर मोकळा करायचा, जवारी काढायची, यात त्यांच्या हाताला तोड नव्हती असं सांगतात. ते गेले आणि तो हातही गेला. मेंदूची डॉक्टर झालेल्या मुलीने मग हाच विषय धरला होता. हात जे शिकतो ते कुठे राहतं आणि ते दुसऱ्याला देता येतं का?

"अक्षराला वळण असतं म्हणतो ना आपण," निलोफर म्हणाली, "तसं प्रत्येक हाताला वळण असतं. तुम्ही टाकाने रेघ मारता तेव्हा टोक कागदात रुततं. कुठे जास्त, कुठे कमी. शाई कुठे साचते, कुठे विरळ होते. आमचं यंत्र ते केसाच्याही बारीक मापाने वाचतं. त्यावरून हात कुठे धावला, कुठे रेंगाळला, किती जोर लावला, सगळं मांडता येतं. पुरेशी पानं मिळाली की नुसत्या त्या रेघाच नाही, तर हा हात न काढलेली रेघ कशी काढेल तेही सांगता येतं. त्याला आम्ही वळणच म्हणतो."

"आणि मग?"

निलोफरने टेबलावरची राखाडी बाही पुढे सरकवली. आतून तिला शेकडो बारीक चकत्या होत्या. "ही दंडापासून मनगटापर्यंत चढवायची. ती हात ओढत नाही. स्नायूंना आणि त्वचेखालच्या नसांना इतके हलके इशारे देते की मेंदूला वाटतं, ही हालचाल माझीच. सायकल शिकवताना मागून सीट धरतात ना, तसं. पक्षाघाताचे रुग्ण यावर पुन्हा घास घ्यायला शिकलेत."

केतकीकडे शाईत काढलेली पानं फक्त पहिल्या सहा अंकांची होती, कारण पुढचं सगळं काम पाटीवर झालं होतं. म्हणजे यंत्राला मिळणार होता तो सुरुवातीचाच हात, तेविशीतला.

पानं वाचून झाल्यावर निलोफरने पडद्यावर पहिलं पान उलगडलं. एक ठिपका कळसाच्या रेघेवरून धावत सुटला, कडेला पोचला आणि थबकला. खूप वेळ तो तिथेच लटकून राहिला.

"इथे तुम्ही काय करत होता?"

केतकीला हसू आलं. सगळ्या मुलाखतींत तिने सांगितलं होतं की तांबूची अख्खी गोष्ट पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यात होती. खरं तर त्या कळसावर ती कावळा काढणार होती. टाकातून शाईचा थेंब गळला, डाग पडला, आणि नवा कागद आणायला दुकान उघडं नव्हतं. पुराचे दिवस होते. त्या डागाचे केस झाले, केसांखाली एक पोर उभी राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "घाबरले होते, डाग पडला म्हणून."

बाही पहिल्यांदा केतकीनेच चढवली. कळसाची रेघ तिच्या हातून सुसाट सुटली. केवढी घाई होती त्या हाताला, केवढा राग. कागद फाटेल याची पर्वाच नव्हती. हीच का मी, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाव पान होतं न होतं तोच कंप आणि बाही यांची जुंपली. बाही एकीकडे खुणवी, आजार दुसरीकडे ओढी. दंडात गोळे आले. आठवडाभर तिने दात आवळून प्रयत्न केला. मग निलोफरनेच थांबवलं.

"मी घालते," रेवा म्हणाली.

रेवा केतकीच्या थोरल्या भावाची मुलगी. जतहून मिरजेला शिकायला आली ती आत्याकडेच राहिली. 'बुडीतगाव'मधली घरं, विहिरी, पायऱ्या, झाडं तीच काढायची. माणसं मात्र केतकीची. रेवाची स्वतःची चित्रंही होती. तिची रेघ आळसावलेली, मध्येच सोडून दिलेली. बकरी काढली तर पोटाची रेघ पायापर्यंत पोचायचीच नाही, उरलेली बकरी बघणाऱ्याने समजून घ्यायची. केतकी म्हणायची, "रेघ पुरी करत जा गं." रेवा हसायची आणि पुढची बकरीही तशीच सोडायची.

बाही रेवाच्या हातावर अशी बसली जणू तिच्यासाठीच शिवली होती. केतकीने कच्ची मांडणी सांगायची, रेवाने काढायचं. पहिल्याच दिवशी तांबूचा डोळा उमटला. तो डोळा केतकीला गेली दहा वर्षं जमला नव्हता.

"दुखतंय का?"

"अजिबात नाही," रेवा म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "आत्या, तुला असं वाटायचं? काढताना?"

महिन्यामागून महिने काम चाललं. नवे अंक आले तसे वाचक वेडे झाले. जुनी तांबू परत आली असं जो तो म्हणू लागला. केतकी रेवाच्या खुर्चीमागे उभी राहायची, फेऱ्या मारायची, पुन्हा येऊन उभी राहायची. भाचीच्या हाताच्या टोकाला आपलाच तरणा हात चालताना बघून तिला आनंदही व्हायचा आणि हेवाही वाटायचा. रेवाच्या मधल्या बोटावर टाक दाबून घट्टा पडला. केतकीलाही तिथेच होता.

एक दिवस विनय कोरगावकर मिठाई घेऊन घरी आले.

"ताई, मी स्पष्टच विचारतो. शेवट कशाला करायचा? गोष्टी तुमच्या डोक्यात आहेत. हात तुमचाच आहे, रेवा तो चालवतीये. उद्या रेवाला कंटाळा आला तर दुसरं कुणी बाही घालेल. तांबूला मरण नाही आता."

केतकीने लगेच नाही म्हटलं नाही. त्या दुपारी तिला डुलकीही लागली नाही. एक नवी गोष्ट मनात धावायला लागली होती, मग आणखी एक. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, रेवाला म्हणाली, "कळसाचं पान आपण सावकाश करू. घाई काय आहे?"

रेवाच्या मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं तेव्हा गोष्ट उघडी पडली.

पाळण्याभोवती बायका होत्या, केतकीही होती. कुणीतरी रेवाला म्हणालं, बाळाचं चित्र काढून दे की, नाव लिहून भिंतीवर लावू. रेवाने पर्समधलं साधं पेन काढलं आणि कागद मांडीवर घेतला. बाही घरी होती. भराभर रेघा पडत गेल्या. कागद हातोहात फिरला आणि एकच हशा पिकला. "अगंबाई, ही तर तांबूच की!"

रेवाही हसली. तिला अभिमान वाटलेला दिसत होता.

केतकीने तो कागद मागून घेतला. बाळाचे डोळे अर्धा चेहरा व्यापत होते. गालाची रेघ कानाशी येऊन घट्ट मिटली होती. प्रत्येक रेघ पुरी होती. कागदाच्या मागून हात फिरवला तर टोकाचे वळ बोटाला लागत होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "रेवा, मला एक बकरी काढून दे. तुझी."

"आत्ता?"

"आत्ता."

रेवाने काढली. मग ती खोडून दुसरी काढली. तिसऱ्या बकरीला तिने मुद्दाम पोटाची रेघ अर्धवट सोडली, पण ती सुटलेली नव्हती, कापलेली होती. रेवाने पेन ठेवलं. हसायचा प्रयत्न केला.

"सवय नाही राहिली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निलोफरने रेवाला तासभर बिनबाहीचं काढायला लावलं आणि त्या रेघा यंत्रातून वाचल्या. पडद्यावर केतकीचं आणि रेवाचं, दोन वळणं शेजारी शेजारी आली. वेगळी सांगता येईनात.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "रुग्णांचा हात मेलेला असतो. तिथे आधीचं काही उरलेलं नसतं, म्हणून बाहीने दिलेलं वळण ही कमाईच असते. इथे हात जिवंत होता, त्याचं त्याचं वळण होतं. मेंदूने दोन्ही सांभाळली नाहीत. जे रोज वापरात होतं ते ठेवलं."

"परत येईल?" केतकीने विचारलं.

"बाही आजपासून बंद केली तर काहीतरी येईल. पूर्वीचंच येईल असं मी सांगू शकत नाही. आणि बाही चालू राहिली तर नाहीच."

रेवा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. "मला नाही बंद करायची," ती म्हणाली.

घरात शिरल्यावर केतकीने विषय काढला, तशी रेवा उसळली.

"कुणाला हवं होतं गं माझं वळण? तुला तरी? रेघ पुरी कर, रेघ पुरी कर. आता होतीये पुरी. इतकी वर्षं मी विहिरी काढल्या, पायऱ्या काढल्या, एका माणसाने विचारलं नाही ही विहीर कुणी काढली. आता लाखभर लोक माझ्या हाताकडे बघतात."

"तो तुझा हात नाही."

"माझ्या खांद्याला लागलाय, म्हणजे माझाच. तू हयात नसलीस तरी तांबू राहील. तुला हे नको आहे?"

"हवंय," केतकी म्हणाली. "तेच तर. इतकं हवंय की मला माझीच भीती वाटतीये."

रेवा आपल्या खोलीत निघून गेली. केतकी तिथेच उभी राहिली. वळण पुसायचा अधिकार तिचा होता, निलोफरने तसं सुरुवातीलाच लिहून घेतलं होतं. पण पुसून काय होणार? मूळ पानं कपाटात होती. कोरगावकर दुसरीकडे नेऊन पुन्हा वाचून घेतील. रेवाच नेईल. आणि आपण? कंप वाढत गेला, घरात एकटं बसायची वेळ आली, तर आपणच एक दिवस ती पानं काखेत मारून निघू.

तिने निलोफरला फोन केला. "छापील प्रतीवरून वळण काढता येतं का?"

"नाही. छापलेल्या रेघेत जोर कुठे असतो? कागदात रुतलेली खाच लागते."

"आणि मूळ पान भिजलं तर?"

"कागदाचे तंतू फुगतात. खाचा मिटतात. केतकीताई, काय करताय तुम्ही?"

"वळण पुसून टाका. सही करायला उद्या येते."

दुसऱ्या दिवशी सही करून आल्यावर तिने मोरीत मोठं घंगाळ भरलं. कपाटातली पानं काढली, रेवाने बाही घालून काढलेलीही. पहिलं पान हातात घेतल्यावर मात्र ती ते बघत बसली. कळस, खाली पाणी, आणि डागातून उभी राहिलेली ती पोर. या पानाच्या वेळी तिच्या हाताला कुठलं वळणच नव्हतं. प्रत्येक पानावर तांबू निराळी होती, कुठे नाक मोठं, कुठे मान वाकडी. त्या धडपडीतून पुढे वळण पडलं. यंत्राने सगळ्याची सरासरी काढून एक हात बनवला होता, आणि तो हात खरं म्हणजे कुणाचाच नव्हता. तरी तो किती सुंदर काढायचा.

तिने पान पाण्यात सोडलं. शाई पाण्याने न जाणारी होती. चित्र तसंच राहिलं, कागद मात्र मऊ झाला, फुगला. एकेक करून तिने सगळी पानं बुडवली, तळहाताने दाबली, आणि मागच्या गॅलरीत दोरीवर वाळत घातली.

रेवा आली तेव्हा अर्धी पानं दोरीवर होती. काय चाललंय ते कळायला तिला वेळ लागला नाही.

"मला विचारलंस?"

"नाही."

"कधी विचारलंस मला काही?"

केतकीने हातातलं पान दोरीवर टाकलं. रेवाने त्याच संध्याकाळी बॅग भरली आणि जतची गाडी धरली.

शेवटचा भाग केतकीने स्वतःच्या हाताने काढला. गोळीचा अंमल असेल तेवढा वेळ रोज थोडं थोडं. एका पानाला दोन-दोन आठवडे लागले. कळसाची कड वाकडी झाली, तांबूचे डोळे लहान-मोठे झाले. कोरगावकरांनी अंक छापला, पण पुन्हा मिठाई आणली नाही. वाचकांची भांडणं जुंपली. काहींनी लिहिलं, शेवट नासवला. काहींनी लिहिलं, रेघा मुद्दाम थरथरत्या ठेवल्यात, पाण्यातून दिसल्यासारख्या, वा. केतकीला वा म्हणणाऱ्यांचाच जास्त राग आला.

जतहून फोन यायचा तो भावाचा. रेवा तिथल्या शाळेत नोकरीला लागली होती. काढत काहीच नव्हती. निलोफरने तिला डाव्या हाताने, झाडूने, कशानेही, पण मोठं काढायला सांगितलं होतं. ते ती करते की नाही, कुणाला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत केतकी न कळवताच जतला गेली. भाऊ म्हणाला, रेवा शाळेत आहे, भिंत रंगवतीये. शाळा मोकळी होती. मैदानाच्या टोकाला रेवा दोन्ही हातांनी रुंद ब्रश धरून उभी होती. भिंतभर शेळ्यांचा कळप होता. बोजड, बेढब, कुठे पाय जाड तर कुठे पाठीचं टेंगूळ झालेलं. एका शेळीला डोळा होता. मोठा, पाणीदार, बुबुळात उजेडाचे दोन ठिपके असलेला.

रेवाने वळून बघितलं. दचकली नाही, हसलीही नाही.

"बघ," ती म्हणाली. "शेळीला पण तुझाच डोळा. बाकी सगळं जमतं. डोळ्याशी आलं की हात तिकडेच जातो."

"हं."

"जाईल का गं हे?"

"मला माहीत नाही," केतकी म्हणाली.

रेवाने चुन्याच्या बादलीत ब्रश बुडवला आणि तो डोळा पांढरा करून टाकला. मग तशीच उभी राहिली. केतकीने तिच्या खांद्याकडे बघितलं, तो ताठला होता. आपण इथे उभ्या आहोत म्हणून, हे तिला समजलं. इतकी वर्षं ती याच जागी उभी असायची, खुर्चीच्या मागे.

"मी पलीकडे बसते," ती म्हणाली आणि मैदान ओलांडून दुसऱ्या इमारतीच्या पायरीवर, भिंतीकडे पाठ करून बसली. राग आहे का, तो जाईल का, हे विचारायचं तिने ठरवून टाळलं. तिला उठून बघावंसं वाटत होतं. पाय हलत होते, हात हलत होता, मान सारखी वळू बघत होती. ती बसून राहिली.

ऊन पायरीवरून उतरलं तेव्हा रेवा हात पुसत आली. तिने पाण्याची बाटली आत्यापुढे धरली, आणि हात थरथरतोय हे बघून आधी झाकण उघडून दिलं.

"डोळ्याचं काय झालं?" केतकीने शेवटी विचारलंच.

"नाही काढला," रेवा तिच्या शेजारी बसत म्हणाली. "माझा आज नाही येणार. येईल तेव्हा येईल."